घरादाराची कबुली

मोहाटोलीत पाप कबूल करायची जुनी रीत होती आणि ती चांगली खर्चिक होती. जातपंचायत बसायची. घरात कोणीही काहीही केलेलं असो, घराचा कर्ता पुरुष उठून उभा राहायचा, चुकलं म्हणून जमिनीला हात लावायचा आणि साऱ्या जातीला भाताचं जेवण घालायचा. जेवण बरं झालं तर पाप सुटायचं. वरण पातळ निघालं तर पाप थोडं मागे उरायचं, आणि ते लोक पुढची दोन-चार वर्षं बोलून संपवायचे.

त्यामुळे अड्याळहून सायकलवर येणाऱ्या पुंडलिकराव मास्तरांनी जेव्हा सांगितलं, की नव्या धर्मात कबुली एकट्या फादरच्या कानात द्यायची, गुपचूप, आणि वरून कोणाला जेवू घालायचं नाही, तेव्हा धनीरामला धर्माबद्दलच पहिल्यांदा शंका आली. फुकटात सुटणारं पाप किती दिवस सुटलेलं राहणार?

धनीरामचं घर त्याच साली, म्हणजे ब्याऐंशीच्या ईस्टरला, ख्रिस्ती झालं होतं. कारण डोळ्यांचं होतं. धनीरामची माय जनाबाई पाच-सहा वर्षं आंधळ्यासारखी चाचपडत होती. शहापूरकडच्या मिशनच्या सिस्टरांनी तिला शिबिरात नेलं, मोतीबिंदू काढला, जाड काचेचा चष्मा दिला आणि परत घरी आणून सोडलं. घरी आल्यावर जनाबाईने आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग चूल पाहिली आणि म्हणाली, "ह्या बायाईचा देव कोणता हाय तो इचारा." धनीरामने विचारलं. वर्षभर मास्तर येत राहिले, प्रार्थना पाठ झाल्या आणि एका रविवारी तिघांच्या डोक्यावर पाणी पडलं. गावात अशी चार घरं झाली होती. बाकीच्यांनी त्यांना वाळीत टाकायचं ठरवलं होतं, पण भाताची रोवणी आली आणि ते राहून गेलं.

शेजारच्या घराने मात्र पाणी घेतलं नाही. ते घर धनीरामच्या थोरल्या भावाचं, तेजरामचं. तेजराम आता नव्हता. दोन सालांआधी ऐन रोवणीत चिखलात त्याच्या पायाला पान लागलं. गावात सापाचं नाव घेत नाहीत, पानच म्हणतात. खाटेवर घालून सडकेपर्यंत नेईस्तोवर तो निळा पडला होता. मागे त्याची बायको कौशल्याबाई आणि एक लग्नाची मुलगी राहिली. खाट उचलणाऱ्यांत धनीराम पुढे होता. त्या दिवसापासून त्याला काही वाटायचं बंद झालं. भूक लागायची, झोप लागायची, बैल आजारी पडला तर तो पाला आणायचा. पण वाटायचं काही नाही. आधी त्याला वाटलं की हे चार दिवसांचं असेल. मग तेही वाटेनासं झालं.

आणि त्याच्या पुढच्या वैशाखात त्याने धुरा सरकवला.

दोन भावांच्या बांध्या, म्हणजे भाताचे मोठे वाफे, लागून होत्या, मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध. दर उन्हाळ्यात धुऱ्यावर माती टाकावी लागते, नाहीतर पावसात तो फुटतो आणि बांधीतलं पाणी निघून जातं. माती कुठून तरी खणावीच लागते. जाणता माणूस आपल्या अंगाने खणतो आणि शेजाऱ्याच्या अंगाने टाकतो. धुरा दरसाल बोटभर पलीकडे जातो. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, मशागत म्हणतात. धनीरामने त्या साली मशागत जरा जास्त केली. जुना धुरा कुदळीने पार फोडून सपाट केला आणि तीन हात पलीकडे, वहिनीच्या बांधीत, नवा घातला. पावसाळ्यात त्यावर तूर लावली, म्हणजे तो जुना दिसावा.

का केलं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. राग नव्हता. लोभ म्हणावा तर तोही धड नव्हता. बाईमाणूस आहे, मोजायला येणार नाही, एवढं हातांना माहीत होतं. डोक्याला विचारायची गरज पडली नाही.

ब्याऐंशी साली पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. धान पोटरीत आलं होतं आणि बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. धनीराम आणि त्याची बायको मंदाबाई रोज सकाळी बोडीवर जात. बोडीत, म्हणजे गावाबाहेरच्या त्या लहान तळ्यात, तळाशी पाणी होतं, पण ते आपल्या पायाने बांधीत चढणारं नव्हतं. तेलाच्या डब्याला चार दोर बांधून, दोघांनी दोन बाजूंना उभं राहून, झुलवत झुलवत ते वर फेकावं लागे. दुपारपर्यंत तळहात सोलून निघत. डबा एका लयीत खाली जाई, वर येई, आणि लय चुकली तर पाणी मंदाबाईच्या लुगड्यावर सांडे.

"मास्तर मनत होते, डिसेंबरात मोठी मिस्सा हाय," मंदाबाई म्हणाली. "त्याच्या पयले सगळ्याईची कबुली पायजे. तवाच फादर परसाद देईन."

"मायले तो परसाद पायजेच हाय," धनीराम म्हणाला. "रोज इचारते. मरायच्या आंधी एकदा घेतो मन्ते."

"मंग मले बी फादरच्या कानात बोला लागते?"

"तुले कायले? घरचा कर्ता मी हावो. सगळ्याईचं मीच सांगून येईन."

मंदाबाईने डबा खाली सोडला. "पाप केलं तवा कर्ता कोठी होता?"

पाणी लुगड्यावर सांडलं.

बांधीच्या धुऱ्यावरून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसे. नव्या धुऱ्यापासून तीन हात आत, बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, धानाची एक ओळ बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आणि काळपट हिरवी होती. जुन्या धुऱ्याची माती. तिला वर्षानुवर्षं पिकाने चोखलं नव्हतं, आता ती देत होती. मागच्या साली पाणी मोप होतं, सगळंच हिरवं होतं, म्हणून ती लपली. यंदा बाकीचं धान पिवळं पडलं आणि ती रेघ बोडीच्या पाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायला लागली. शेतकरी माणूस बघतो आणि बैलांना हाकतो.

*

रविवारी दुपारी मास्तर श्यामरावच्या ओसरीत शिकवत. श्यामराव ख्रिस्ती नव्हता, पण त्याची ओसरी मोठी होती आणि आयतं बसून ऐकायला त्याला आवडायचं. पुंडलिकराव आधी कंपाउंडर होते. पाप हा विषयही ते दुखण्यासारखाच शिकवत, लक्षणापासून सुरुवात करून.

"कबुलीची तयारी पाच बोटांची," ते म्हणाले. "अंगठा, आठवायचं. काय केलं, किती वेळा केलं. दुसरं बोट, त्याचं वाईट वाटलं पाहिजे. तिसरं, पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. चौथं, फादरला सांगायचं, काही न लपवता. पाचवं, फादर सांगतील ते करायचं. बोला."

सगळ्यांनी बोटं मोजत म्हटलं. धनीराम दुसऱ्या बोटावर अडला.

"मास्तर, दुसरं बोट सोडून भागते का?"

"म्हणजे?"

"बाकीचं चारी करीन मी. ते दुसरं होत नाई माह्याच्यानं. वाईट वाटतच नाई."

"कशाचं?"

"कायचंच."

श्यामराव हसला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "दुसरं बोट मिटून चिमटीत मीठ धरून दाखव," ते म्हणाले. धनीरामने खरंच धरून पाहिलं. जमलं नाही असं नाही, पण सांडलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा प्रश्न काढला. हा प्रश्न त्याने डबा झुलवताना पुष्कळ दिवस घोळवला होता.

"मास्तर, बाप्तिस्म्याच्या आंधीचं पाप?"

"ते धुतलं गेलं. ते सांगायचं नाही. ईस्टरला पाणी पडलं त्या घडीपासून तुझी पाटी कोरी."

"म्हंजे समजा, कोण्या माणसानं वैशाखात काई सरकवलं असन, अन् त्याचा बाप्तिस्मा पुढच्या ईस्टरले झाला असन..."

"धुतलं म्हणजे धुतलं," मास्तर म्हणाले, आणि तोंड उघडंच ठेवून थांबले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "धनीराम, मी बोडीच्या पाळीवरून सायकलनं येतो रे."

"हो."

"पाळ उंच आहे."

"हो."

"हे तू फादरलाच विचार," मास्तर म्हणाले आणि पुढच्या प्रार्थनेकडे वळले. ओसरीच्या खांबाला टेकलेला श्यामराव विडी पेटवायची विसरला होता.

तरी धनीरामला बरंच हायसं झालं, म्हणजे दुसऱ्या कोणाला झालं असतं तसं. धुरा सरकवला तेव्हा तो हिंदू होता. पाप हिंदू धनीरामचं होतं आणि तो धनीराम ईस्टरला संपला. आता ख्रिस्ती धनीरामला फक्त एप्रिलपासूनची पापं गोळा करायची होती, तीही घरभराची.

त्याने सुरुवात मायपासून केली. जनाबाई उन्हात बसून तांदूळ निवडत होती. दिसायला लागल्यापासून तिला खड्यांचा भारी राग.

"माय, तुह्यावाले सांग. मले पाठ करा लागते."

"काय काय सांगू बाप्पा." तिने सूप खाली ठेवलं. तिला आनंद झालेला दिसला. इतक्या वर्षांत तिला असं काही कोणी विचारलं नव्हतं. "चहात साखर दोनदा घेतली, मंदीले नाई सांगतलं. प्रार्थना करता करता झोपली. शकुनबाईच्या कोंबडीले दगड मारला."

"लागला?"

"नाई लागला."

"मंग पाप कायचं?"

"लागावा मनूनच मारला ना रे." तिने एक खडा उचलून लांब फेकला. "अन् आणखी एक सांग. आखाडात कौशल्या आली होती. मने, सासूबाई, धुरा पयले कोठी होता ते तुमाले आठवते का? मी मनलं, मले दिसत नाई व माय."

"तुले तं दिसत होतं तवा. चष्मा येऊन साल झालं होतं."

"मनूनच तं पाप हाय," जनाबाई म्हणाली. "हे पयले सांगजो. कोंबडी मंग."

धनीराम उठला. खरं तर हे एक त्याला नको होतं. हे ईस्टरनंतरचं होतं.

मंदाबाईचं मिळायला आठवडा लागला. ती डबा झुलवायची, चूल फुंकायची, गोठा काढायची आणि विचारलं की म्हणायची, "माहं मी पाहीन." शेवटी एका सकाळी, बोडीच्या काठावर, दोर हातात घेऊन ती थांबली. तळाशी आता पाण्यापेक्षा गाळ जास्त होता.

"मागच्या साली तो पट्टा मी वेगळा बांधला होता," ती म्हणाली.

"कोणता पट्टा?"

"कोणता मन्ता? तीन हाताचा. त्याचे भारे वेगळे ठेवले, वेगळे मळले. तांदूळ वेगळ्या ढोलीत ठेवला. आपण नाई खाल्ला. मले वाटलं, आपण नाई खाल्ला तं आपल्याले नाई लागन."

"मंग त्याचं काय केलं?"

"पाहुण्याईले घातला." तिने दोर हाताला गुंडाळला. "बाप्तिस्म्याच्या जेवणाचा भात त्याचाच होता. फादरनं दोनदा घेतला."

डबा खाली गेला, वर आला. पुष्कळ वेळ दोघं झुलवत राहिले. "हे मी नाई सांगत," धनीराम शेवटी म्हणाला.

"मी कुठं तुमाले सांगा मनलं?"

*

फादर यायच्या आदल्या दिवशी कौशल्याबाई धुऱ्यावर गवत कापत होती. तिच्या बांधीतलं धान धनीरामच्यापेक्षा वाईट होतं. तिच्याकडे डबा झुलवायला दुसरा माणूस नव्हता. मुलीला घेऊन पाहिलं, पण तिच्या तळहाताला फोड आले, मग तेही सोडून दिलं होतं.

"भाऊजी," ती विळा न थांबवता म्हणाली, "आयकलं, तुमचं सगळं धुऊन निघालं?"

"कोणं सांगतलं?"

"शामराव सांगत होते. मास्तरनं मनलं मने, पयलेचं सगळं माफ."

धनीराम उभा राहिला. पुढे जायला हवं होतं, पण वाट तिच्याजवळूनच होती.

"मंग तुमच्या फादरले मना, माह्या बांधीत बी थोडं पाणी टाका. धानाले नाई मागत, धुवाले मागतो. तीन हात मळ हाय तिथं." तिने गवताची मूठ धनीरामच्या तुरीवरून पलीकडे टाकली. "तुमचे भाऊ असते तं काई बोलले नसते. त्याईची सवयच नव्हती बोलाची. मी हावो, मी बोलन."

"बोला न वहिनी."

"बोलून राहिली ना. तुमाले लागते कुठं?"

हे मात्र खरं होतं. लागत नव्हतं. तो तिथे उभा राहून वाट पाहत राहिला, आत काही हलतं का म्हणून. मुंगळा चावल्यावर माणूस पाहतो तसं. काही हललं नाही. तो घरी गेला.

*

फादर मॅथ्यू राजदूत मोटरसायकलवर आले. माणूस केरळचा, मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे गावातल्या कोणापेक्षाही शुद्ध बोलायचा आणि निम्मं कोणाला कळायचं नाही. मास्तरांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत दोरीवर चादर टाकली होती. चादरीपलीकडे फादर खुर्चीवर, अलीकडे गोणपाट. बाहेर चार घरांची माणसं उन्हात बसली होती. धनीराम घरचा कर्ता, म्हणून त्याच्या घरातून तो पहिला आत गेला. गुडघे टेकताना त्याचे सांधे वाजले.

"आशीर्वाद द्या फादर, मी पाप केलं हाय. ही पयली खेप."

"सांग, बाळ." धनीराम पंचेचाळिशीला आला होता.

"आमच्या मायनं शकुनबाईच्या कोंबडीले दगड मारला. लागावा मनून मारला. साखर दोन..."

"थांब. तुझ्या आईची पापे तुझी आई सांगेल. ती बाहेरच बसली आहे ना?"

"हो. पण घरचा मी..."

"इथे घर येत नाही. इथे एकेक माणूस येतो. तू तुझी सांग."

धनीरामने तोंड उघडलं. महिनाभर त्याने मायची पापं पाठ केली होती, बायकोच्या पापांची वाट पाहिली होती. आपल्यासाठी त्याने काहीच आणलं नव्हतं. बाहेर जनाबाईचं खोकणं ऐकू येत होतं.

"मंग माहं काई उरत नाई, फादर."

फादरना घाई नसावी. शेवटी धनीरामच म्हणाला, "एक धुरा हाय. पण तो धुतला हाय. तवा मी हिंदू होतो."

"धुरा म्हणजे भातशेताचा बांध?"

"हो."

"माझे वडील भातच करीत," फादर म्हणाले आणि चादरीपलीकडे खुर्ची करकरली. "किती सरकवलास?"

"तीन हात. बांधीच्या लांबीभर."

"कोणाकडे?"

"भावाकडे. भाऊ नाई आता. वहिनीकडे."

"आणि त्या तीन हातांतले या हंगामाचे पीक कोण कापणार?"

"मीच."

"ते बाप्तिस्म्याच्या आधीचे पीक आहे का?"

धनीरामने हिशेब केला. आखाडात रोवलेलं. "नाई."

"कपडा धुतला की डाग जातो," फादर सावकाश म्हणाले. "पण कपडा दुसऱ्याचा असेल, तर तो धुतल्याने आपला होत नाही. समजले?"

समजलं होतं. मोहाटोलीत कपडे धुणाऱ्या वरठ्याचं एकच घर होतं आणि त्याने कधी कोणाचं धोतर ठेवून घेतलेलं नव्हतं.

"वाईट वाटते का तुला?"

इथे खोटं बोललं तर चालेल का, असा विचार धनीरामने केला. मग गुडघे दुखायला लागले होते म्हणून त्याने खरं सांगून टाकलं. "नाई वाटत, फादर. वाटावं मनून खूप पाहिलं. वहिनी सामने उभी राहून बोलली, तरी नाई वाटलं. भाऊ मेला, तवा बी नाई वाटलं. दुसरं बोटच नाई मले."

चादरीपलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज झाला.

"वाटण्याची वाट पाहू नकोस," फादर म्हणाले. त्यांचा आवाज आता पुस्तकातला राहिला नव्हता. "काही माणसांना उशिरा वाटते. काहींना कधीच वाटत नाही. परमेश्वर त्यासाठी थांबून राहत नाही. तुझे हात चालतात ना?"

"चालतात."

"परत देशील?"

"देतो," धनीराम म्हणाला. कोणी बियाणं उसनं मागितलं म्हणजे म्हणावं, तसं म्हणाला.

"या हंगामाचे पीक तिचे. धुरा उन्हाळ्यात जागेवर. आणि तीन वेळा नमो मरिया." मग फादरनी हात उचलून लॅटिनसारखं वाटणाऱ्या मराठीत काही म्हटलं, आणि ते संपल्यावर धनीराम उठून बाहेर आला. उन्हाने डोळे दिपले. आत गेला होता तसाच तो बाहेर आला होता. त्याने ते तपासून पाहिलं.

जनाबाई गेली, आली. चेहरा उजळला होता. मग मंदाबाई पदर सारखा करून आत गेली. थोड्या वेळाने चादरीआडून फादरना जोराचा ठसका लागला. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. चादरीपाशी पोचल्यावर कबुली चालू आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तांब्या धरून तिथेच पाठमोरे उभे राहिले.

*

सांगायचं कसं, हे पाच बोटांत कुठे नव्हतं. धनीराम दोन दिवस तिच्या अंगणावरून गेला आणि आला. तिसऱ्या दिवशी कौशल्याबाईनेच विचारलं, "काय हरवलं काय भाऊजी?"

"तो पट्टा," तो म्हणाला. "यंदाचं धान तुमचं. धुरा वैशाखात माघारी घेतो."

ती शेण थापत होती. हात तसेच भिंतीवर राहिले. "फादरनं सांगतलं?"

आत काय बोलणं झालं ते धनीरामने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतं म्हणून नव्हे. बोलावंसं वाटलं नव्हतं. "मी सांगून राहिलो ना."

"मंग तुमाले काय, वाईट वाटलं?"

"नाई."

कौशल्याबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. हो म्हणाला असता तर तिने त्याला शेणाचा गोळा फेकून मारला असता, असं तिच्या तोंडावरून वाटत होतं. मग ती पुन्हा थापायला लागली. "कापून द्या. माह्याकडं माणूस नाई. अन् सांडलं नाई पायजे."

कापणी आली तोवर सगळं धान पिवळं पडलं होतं आणि ती काळी रेघ पिवळ्यात मिसळून गेली होती. धनीराम विळा घेऊन बांधीत उतरला आणि थांबला. जुना धुरा कुठे होता हे आता डोळ्यांना सांगता येत नव्हतं. दोन बोटं अलीकडे धरलं असतं तर कोणाला कळलं नसतं, कौशल्याबाईलाही नाही. ती पलीकडे आपल्या बांधीत वाकून कापत होती, वर बघतही नव्हती.

त्याने चप्पल काढली. धानाच्या मुळांतून पाय घालत, टाचेने जमीन दाबत तो इंच इंच सरकला. एका जागी माती कठीण लागली, जराशी उचललेली. तेजराम आणि तो, दोघं लहानपणी ह्याच धुऱ्यावरून पळत बोडीवर जायचे, ही माती तेव्हाच दबलेली होती. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग तिथून कापायला लागला. कठीण मातीवर उगवलेलं धान त्याने तिच्या अंगाला धरलं. धुऱ्याची जागाही तिचीच निघाली.

कापलेल्या धानाचे कडपे उन्हात वाळले. बांधायच्या दिवशी तो पुन्हा गेला, मंदाबाईला न घेता. भारे बांधले, डोक्यावर वाहून कौशल्याबाईच्या पुंजण्यावर, म्हणजे भाऱ्यांच्या गंजीवर, रचले. धानाची कुसळं मानेत, काखेत घुसली, घामाने चुणचुणली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेवटचा भारा रचून तो हात झटकत वळला.

"थांबा," कौशल्याबाई म्हणाली. तिने पुंजण्यावरचा एक भारा ओढून खाली काढला आणि त्याच्या पायाशी ठेवला. "हा घ्या."

"हे काय?"

"रोजी. कापणाऱ्याले भारा देतेत ना."

"मले कायले, वहिनी? मी काय मजूर..."

"माह्या बांधीतलं कापलं ना तुमी?"

"हो."

"मंग?" ती कमरेवर हात ठेवून उभी होती. बोलण्यात टोमणा नव्हता. ती हिशेब सांगत होती. "फुकट कापून घेतलं तं माह्यावर राहीन. माह्याकडं नाई तुमच्यावानी कान देणारा कोणी. घ्या."

त्याने भाऱ्याकडे पाहिलं. चांगला घट्ट भारा होता, त्यानेच बांधलेला. आपल्याच बांधीत कापणाऱ्या मालकाला गावात आजवर कोणी रोजी दिली नव्हती. वाकून त्याने तो उचलला आणि डोक्यावर घेतला.

"उद्या येता का?" कौशल्याबाईने विचारलं. "खालची बांधी राहिली हाय. एकटीच्यानं नाई उरकत."

"येतो."

बोडीच्या पाळीवर माणसं बसली होती, कापणी उरकून विड्या ओढत. श्यामरावही होता. भारा घेऊन येणाऱ्या धनीरामला त्याने लांबूनच पाहिलं, उजव्या हाताने डोळ्यांवर सावली धरून तो कौशल्याबाईच्या पुंजण्याकडून येतोय याची खात्री केली.

"काहून रे धनीराम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता वहिनीच्या घरी रोजीनं जाऊन राहिला काय?"

कोणीतरी हसलं. मग सगळे पाहायला लागले.

धनीराम थांबला. भाऱ्याखाली मान वळवता येत नव्हती, म्हणून तो अख्खाच त्यांच्याकडे वळला.

"हो," तो म्हणाला. "माहा नव्हता तो पट्टा. मी सरकवला होता धुरा. तिची बांधी हाय, तिचा भारा हाय, मले रोजी भेटली."

श्यामरावने त्याला वाट द्यायला पाय आखडून घेतले. धनीराम पाळीवरून खाली उतरला. उतारावर भारा पुढे झुकला, त्याने तो दोन्ही हातांनी सावरला आणि चालत राहिला.